राक्षसाचा जीव पोपटात

गेल्या महिन्यात एका वाचक भगिनींचे पत्र आले. पत्र लहानसे, पण त्यामागे घरातील बरेच काही दडलेले दिसले. त्यांच्या घरी चार पिढ्या एकत्र नांदतात. आजेसासूबाई ऐंशीच्या पुढच्या. दिवेलागण झाली की मुले त्यांच्याभोवती गोळा व्हावयाची आणि राक्षस, परी, बोलणारे पोपट, उडते पलंग ह्यांच्या गोष्टी चालावयाच्या. मध्यंतरी सहा वर्षांची पणती एका रात्री दचकून उठली व राक्षस आला म्हणून रडू लागली. दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांनी, म्हणजे ह्या भगिनींच्या यजमानांनी, चहाच्या वेळी सर्वांदेखत सांगितले की, ह्यापुढे मुलांना खऱ्या गोष्टीच सांगाव्यात. खोट्याने मन भित्रे होते व बुद्धी आंधळी. आजेसासूबाई काही बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून दिवेलागणीला त्या जपमाळ घेऊन बसतात. मुलांनी गोष्ट मागितली तर "मला आता आठवत नाही रे," म्हणतात. पत्राच्या शेवटी भगिनींनी विचारले आहे, "चूक कोणाची?"

दुसऱ्याच्या घरातील चूक परक्याने ठरवू नये. परंतु ह्या प्रश्नाशी माझे स्वतःचे एक जुने देणेघेणे आहे, म्हणून ह्या महिन्याचे पान त्यालाच देतो.

प्रथम त्या यजमानांची बाजू घेतली पाहिजे, कारण ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. मादाम माँटेसरींचे मत बरेचसे असेच होते. लहान मुलाला खरे-खोटे वेगळे करता येत नाही; तेव्हा त्याच्या भाबडेपणावर परीकथा लादणे म्हणजे त्याची कल्पनाशक्ती वाढविणे नव्हे, असे त्या म्हणत. गंमत अशी की, त्यांची पद्धती ह्या देशात रुजविणाऱ्यांपैकी गिजुभाई बधेका स्वतः लोककथांचे मोठे रसिक होते. गोष्ट कशी सांगावी ह्याचे शास्त्रच त्यांनी लिहिले. एकाच बालमंदिराच्या छपराखाली ही दोन मते सुखाने नांदली.

आपल्या मराठीतही ही ओढाताण छापील पुस्तकाइतकीच जुनी आहे. सदाशिव काशिनाथ छत्रे ह्यांची दोन पुस्तके १८२८ साली मुंबईस निघाली. एक इसापच्या नीतिकथांचे. त्यात कोल्हे, करकोचे माणसांप्रमाणे बोलतात. दुसरे 'बाळमित्र', त्यात राक्षस नाही, परी नाही, केवळ शहाणी व द्वाड मुले आणि त्यांना मिळणारी यथायोग्य फळे. दोन वर्षांनी त्याच छत्र्यांनी 'वेताळपंचविशी' मराठीत आणली. एकाच गृहस्थाने एका हाताने मुलांना शिस्त दिली व दुसऱ्या हाताने झाडावर लोंबकळणारे प्रेत दिले. पुढे १८६१ साली कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' निघू लागल्या, आणि 'बाळमित्रा'ची गाठ ज्या पिढीशी पडली तिची नातवंडे अल्लाउद्दिनाच्या दिव्याने झपाटून गेली.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ह्यांपैकी बहुतेक साहित्य मुलांकरिता जन्मले नव्हते. वेताळाच्या कथा ज्या 'कथासरित्सागरा'त आहेत तो ग्रंथ अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने राणी सूर्यवतीच्या मनोरंजनासाठी रचला. फ्रान्समध्ये पेरो ह्याने १६९७ साली सिंड्रेला आणि निद्रिस्त राजकन्या छापली ती दरबारी समाजापुढे. आपल्या घरी मोठ्यांच्या पंगतीतील उरलेली पुरणपोळी दुसऱ्या दिवशी मुलांच्या न्याहारीला येते आणि मुलांना ती ताजीपेक्षा अधिक आवडते, तसेच काहीसे ह्या कथांचे झाले. मुद्दाम मुलांसमोर बसून मुलांसाठीच अद्भुत रचावे ही रीत फार अलीकडची. १८६२ सालच्या जुलैमध्ये ऑक्सफर्डच्या एका गणिताच्या अध्यापकाने नावेत बसलेल्या तीन बहिणींना सशाच्या बिळात पडलेल्या ॲलिसची गोष्ट सांगितली, व १८६५ साली तिचे पुस्तक झाले. आमच्या पिढीला हे भाग्य १९५२ साली मराठीत आलेल्या 'चांदोबा'ने दिले आणि आमच्या मुलांना रत्नाकर मतकरींच्या 'निम्मा शिम्मा राक्षस'सारख्या नाटकांनी.

परंतु मूळ झरा शोधू गेल्यास तो आपल्याच मुलुखात, गोदेच्या काठी, पैठणला सापडतो. सोमदेवाच्या ग्रंथाचे मूळ गुणाढ्याची 'बृहत्कथा'. आणि गुणाढ्य हा, दंतकथेप्रमाणे, प्रतिष्ठानच्या सातवाहन राजाचा मंत्री. पैजेत हरल्यामुळे त्याने संस्कृत, प्राकृत व देशभाषा तिन्ही सोडल्या, अरण्यात जाऊन पैशाची, म्हणजे पिशाचांची, भाषा शिकला व सात लक्ष श्लोकांची कथा शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने लिहिली. राजाने ती नाकारली. असली भाषा आणि असली शाई कोणाच्या दरबारात चालणार? तेव्हा गुणाढ्याने डोंगरावर अग्नी पेटविला. एकेक पान मोठ्याने वाचावे आणि आगीत टाकावे असे सुरू झाले. रानातील जनावरे चरणे सोडून वर्तुळ करून बसली व डोळ्यांत पाणी आणून ऐकू लागली. इकडे राजाच्या मुदपाकखान्यात सुकलेले मांस येऊ लागले. शिकार अशी रोडावली का, ह्याची चौकशी करता करता राजा तेथे पोहोचला, तोवर सहा लक्ष श्लोक जळाले होते. उरले ते एक लक्ष.

ही कथा मी जेव्हा जेव्हा आठवतो तेव्हा मला ती राजाची वाटत नाही, गुणाढ्याचीही फारशी वाटत नाही. चारा विसरलेल्या त्या हरणांची वाटते. जेवायला हाक मारली तरी न उठणारे मूल ज्याने पाहिले आहे त्यास हे वेगळे सांगावयास नको.

आता ह्या अद्भुताच्या रीतीविषयी थोडे. मोठी माणसे समजतात की परीकथेत वाटेल ते घडते. मुलांना पक्के ठाऊक असते की तसे नाही. आटपाट नगराची वेस ओलांडली की तेथील कायदा आपल्या कचेऱ्यांतील कायद्याहून कडक असतो. वर एकदाच मागावयाचा, तो शब्दशः फळतो. उत्तरेकडच्या खोलीत जाऊ नको म्हटले की तेथे जाणे आलेच, आणि गेल्यावर भरपाई करणेही आलेच. धाकटा राजपुत्र वाटेतल्या मुंगीशी चांगला वागला तरच पुढे मुंगी उपयोगी पडते. कहाणीतला वसा घेतला की टाकता येत नाही. गोष्ट सांगताना आपण चुकून ह्यांतले काही बदलले तर चार वर्षांचे मूलही अडविते.

आमच्या करवीरात तर ह्या कायद्याची दरवर्षी उजळणी होते. आश्विन शुद्ध पंचमीस अंबाबाईची पालखी गावाच्या पूर्वेस टेंबलाईच्या टेकडीवर जाते. त्र्यंबुलीची कथा येथे घरोघर सांगतात ती अशी : महालक्ष्मीने कोल्हासुरास मारल्यावर त्याचा मुलगा कामाक्ष ह्याने कपिलमुनींचा योगदंड मिळविला आणि त्याच्या प्रभावाने देवीसह सर्व देवांच्या शेळ्यामेंढ्या करून टाकल्या. त्र्यंबुली तेवढी बाहेर राहिली होती. तिने कामाक्षाकडून तो दंड काढून घेतला, त्यास मारले व सर्वांना पूर्वरूप दिले. मग विजयाचा सोहळा झाला. आणि त्या गडबडीत जिने वाचविले तिलाच बोलावणे करावयाचे राहिले. त्र्यंबुली रुसली, टेकडीवर जाऊन गावाकडे पाठ करून बसली. शेवटी महालक्ष्मी लवाजम्यासह तिची समजूत काढावयास गेली. आजही तेथे कुमारिकेच्या हातून कोहळा फोडतात व त्याच्या तुकड्यासाठी झुंबड उडते.

पेरोच्या गोष्टीतही एका म्हाताऱ्या परीला बारशाचे बोलावणे राहून जाते. ग्रिमबंधूंच्या १८१२ सालच्या संग्रहात सोन्याच्या ताटल्या बाराच म्हणून तेरावीला वगळतात. तिकडची रुसलेली परी शाप देते आणि शंभर वर्षे राजवाडा झोपतो. इकडची रुसलेली देवी पाठ फिरवून बसते आणि दुसरी, थोर असून, चालत तिच्याकडे जाते. मानपानाची ही गोष्ट कळावयास एकत्र कुटुंबातील मुलास भाष्यकार लागत नाही. (आणि भोपळ्याची जात अद्भुताला एवढी प्रिय का, हे एक कोडेच आहे. सिंड्रेलाचा रथ भोपळ्याचा, आपली म्हातारी लेकीकडून परत येते ती भोपळ्यात बसून, आणि असुराच्या नावाने फोडावयाचा तोही कोहळाच!)

परंतु ज्या रीतीविषयी मला विशेष सांगावयाचे आहे ती निराळी. राक्षसाला किती मारले तरी तो मरत नाही, कारण त्याचा जीव त्याच्यापाशी नसतो. सात समुद्रांपलीकडे बेट, बेटावर झाड, झाडाला पिंजरा, पिंजऱ्यात पोपट. त्या पोपटात तो असतो. ही कल्पना किती दूरवर पसरली आहे पाहावे. रशियातल्या कोश्चेईचे मरण सुईच्या टोकात, सुई अंड्यात, अंडे बदकात, बदक सशात. नॉर्वेच्या राक्षसाचे काळीजही असेच दूर अंड्यात. फ्रेझर ह्यांनी आपल्या प्रसिद्ध ग्रंथात ह्या विषयावर प्रकरण लिहिताना जी कथा आरंभी घेतली ती मात्र आपल्या दख्खनची आहे.

तिचा इतिहासही मोठा गोड आहे. १८६५-६६ च्या हिवाळ्यात मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर दक्षिणेकडील मराठी मुलुखाच्या दौऱ्यावर निघाले. बरोबर मुलगी मेरी. छावणीत दिवसेंदिवस बोलावयास कोणी नाही. तेव्हा तिने आपली आया अॅना लिबेराता डिसोझा हिला गोष्टी सांगावयास लावले. अॅनाचे घराणे मूळचे लिंगायत, गोव्याजवळ स्थायिक होऊन ख्रिस्ती झालेले. आणि गोष्टी तिच्या आजीच्या. मेरीने त्या उतरून घेतल्या व १८६८ साली 'ओल्ड डेक्कन डेज' हे पुस्तक लंडनला छापले. इंग्रजांनी पुस्तकात बांधलेल्या आपल्याकडील लोककथांच्या पहिल्या काही संग्रहांपैकी हा एक; त्याच्या मुळाशी एक आजी आणि एक आया. पहिलीच कथा पंचकिन नावाच्या जादूगाराची. त्याचा जीव घनदाट रानात, ताडांच्या वर्तुळात, पाण्याच्या सहा घागरींखाली ठेवलेल्या पिंजऱ्यातील लहानशा हिरव्या पोपटात. पोपटाचा पंख उपटला की जादूगाराचा हात गळून पडतो.

आमच्या नातीने हॅरी पॉटर वाचावयास घेतला. मराठीत त्याच्या पहिल्या भागाचे नाव 'हॅरी पॉटर आणि परीस' असे झाले आहे, आणि परीस हा शब्द पाहूनच मला ते पुस्तक घरचे वाटले. सहाव्या भागाशी आल्यावर ती धावत येऊन सांगू लागली, "आजोबा, त्या दुष्टाने आपल्या जिवाचे तुकडे करून निरनिराळ्या जागी लपवले आहेत, म्हणून तो मरत नाही!" मी विचारले, "त्यांत पोपट आहे का?" ती म्हणाली, "पोपट नाही. साप आहे." मग मी तिला माझ्या पोपटाची हकीकत सांगितली. ती येथे प्रथमच लिहीत आहे.

आम्ही शाहूपुरीत राहत असू. छत्रपती शाहू महाराजांच्या कारकिर्दीत १८९५ साली वसलेली ही व्यापारपेठ, तेव्हा गुळाने घमघमलेली. वडील एका अडतदुकानात दिवाणजी होते. सौदे चालत, हमाल गुळाचे रवे पाठीवरून वाहत, आणि दुकानाच्या ओसरीवर मालकांचा एक पोपट पिंजऱ्यात टांगलेला असे. मी आठ वर्षांचा असताना माझी आई विषमज्वराने अंथरुणास खिळली. मला तिच्या खोलीत जाऊ देत नसत. त्या दिवसांत माझी विधवा आत्या मला रात्री कुशीत घेऊन गोष्टी सांगे. राक्षसाचा जीव पोपटात असलेली गोष्ट मी तिच्याकडून चार-पाच वेळा तरी मागून घेतली असेल.

आठ वर्षांच्या मुलाचे तर्कशास्त्र बिनचूक असते. एवढ्या मोठ्या राक्षसाचा जीव जर पोपटात मावतो, तर आईचा का मावणार नाही? आणि आमच्या माहितीतला पोपट एकच होता. दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत जाताना त्याला पेरूची फोड, हिरवी मिरची, भिजवलेली डाळ नेऊ लागलो. पोपट खाई त्या दिवशी आईचा ताप उतरे, निदान मला तसे वाटे. पंचमीच्या दिवशी आत्या मला कोहळ्याला घेऊन जाणार होती. सकाळी घाईघाईने मी पिंजऱ्यात पेरू टाकला आणि धावलो. संध्याकाळी परतताना पाहिले, तो पिंजरा उघडा आणि रिकामा. कडी मी लावली होती की नाही हे मला आठवेना. आजही आठवत नाही. कोजागरीच्या आदल्या रात्री आई गेली.

मी कोणाजवळ बोललो नाही. दिवाळी झाली, थंडी पडली. मी जेवेनासा झालो. सर्वांस वाटे आईच्या आठवणीने. एके रात्री आत्याने गोष्ट सुरू केली, राजपुत्राने पिंजऱ्याला हात घातला मात्र, आणि मी किंचाळलो. मग सारे बाहेर पडले.

त्या पत्रातील यजमान हे वाचून म्हणतील, "पाहा, मी हेच म्हणत होतो." त्यांना तसे म्हणण्याचा अधिकार आहे. गोष्टीने मला दोन महिने जाळले, हे मी नाकारीत नाही. पण आत्याने त्या रात्री काय केले तेही त्यांनी ऐकावे. "असे काही नसते, गोष्टी खोट्या असतात," हे शब्द तिच्या तोंडून निघाले नाहीत. ते मी मानलेही नसते. ती उठून बसली, कंदील मोठा केला आणि नियम चुकलेल्या विद्यार्थ्यास पंतोजीने सांगावे तशी म्हणाली, "अरे वेड्या, जीव बाहेर ठेवतो तो राक्षस. माणसाला ती विद्या येत नाही. माणसाचा जीव माणसापाशीच असतो. कुठल्याही गोष्टीत पाहा. तुझ्या आईचा जीव शेवटपर्यंत तिच्यापाशीच होता, आणि तिच्याबरोबर गेला. उडाला तो नुसता पोपट." मी मनातल्या मनात सर्व गोष्टी तपासून पाहिल्या. आत्या म्हणत होती ते बरोबर होते. जीव बाहेर होता तो राक्षसांचाच. त्या रात्री मी जेवलो.

म्हणून त्या भगिनींस माझे एवढेच विचारणे आहे की, मुलगी दचकून उठली त्या रात्री गोष्ट पुरी झाली होती काय? बहुधा पणती मध्येच झोपली असेल आणि राक्षस तसाच जिवंत राहिला असेल. तसे असल्यास यजमानांनी स्वतःच आजीपाशी जाऊन, मुलीला मांडीवर घेऊन, उरलेली गोष्ट मागावी. आजींना ती आठवेल, ह्याविषयी मला शंका नाही. चहाच्या वेळी सर्वांदेखत बोललेले शब्द परत घेण्याचा याहून सोपा मार्ग मला दिसत नाही. त्र्यंबुलीकडे तर देवीला टेकडी चढून जावे लागते.

माझी हकीकत मात्र एवढ्यावर संपत नाही. आत्या गेल्यावर कित्येक वर्षांनी मेरी फ्रिअरचे ते पुस्तक माझ्या हाती आले. पंचकिनची कथा वाचून पुढे जातो, तो त्याच पुस्तकात सोदेवाबाई नावाच्या राजकन्येची कथा. राक्षसीण नव्हे, चांगली, सुंदर, माणसाची मुलगी. तिचा जीव जन्मतः गळ्यात असलेल्या सोन्याच्या हारात. सवत तो हार चोरविते, आणि दासी तो दिवसा गळ्यात घालते तोवर राजकन्या मेलेली. रात्री काढून ठेवते तेव्हा जिवंत. पुढे वाचनात आले की, तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या मिसर देशातील एका पपायरसावरही दोन भावांची अशीच कथा आहे, आणि तेथे आपले काळीज झाडाच्या फुलावर ठेवणारा धाकटा भाऊ कथेचा नायकच आहे. म्हणजे आत्याने सांगितलेला नियम कोठल्याच शास्त्रात नव्हता.

ह्याविषयी मी माझ्या थोरल्या चुलतबहिणीपाशी बोललो. तिने नव्वदीजवळ येऊनही स्मरण शाबूत ठेवले आहे. आत्याला ती हाराची गोष्ट ठाऊक नसावी, असे मी म्हणताच ती हसली. "ठाऊक नव्हती कशी? आम्हां मुलींना तीच तर सांगायची. तुझी आई गेली त्या वर्षापासून मात्र बंद केली. आणि तुझ्या कानावर कधी घालायची नाही, अशी आम्हांला ताकीद होती."